काजूगराची बाह्यरेषा चार वर्तुळकंसांत: सत्तरीतील एका कारखान्याचे प्रकरण

परिस्थिती

गोव्यातील सत्तरी तालुक्यात वाळपईच्या परिसरातील एका छोट्या काजू कारखान्याचे हे प्रकरण आहे. बी वाफवणे, फोडणे, गर भट्टीत वाळवणे आणि साल काढणे ही कामे आटोपली की गर प्रतवारीच्या टेबलावर येतो आणि तेथे बसलेल्या महिला तो नजरेने व बोटांनी वेगळा करतात. अख्खा गर एका ताटात जातो, आडवा तुटलेला दुसऱ्या, उभी फाकलेली पाकळी तिसऱ्या, आणि तुकडा व कणी खाली चाळणीत. अख्ख्या गराला पुढे एका पौंडात किती गर बसतात यावरून प्रत मिळते. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० गर, म्हणजेच एक गर साधारण १.४ ग्रॅमचा, डब्ल्यू-१८० मध्ये तोच गर अडीच ग्रॅमच्या आसपास जातो. अख्खा आणि तुटलेला यांच्या भावात मोठी तफावत असल्यामुळे तुटका गर अख्ख्यात गेला तर गिऱ्हाईक माल परत करते, आणि अख्खा गर तुटक्यात गेला तर नुकसान थेट कारखान्याचे होते.

कारखान्याची मागणी माफक होती. हाताच्या प्रतवारीआधी एक कॅमेरा असावा, त्याने उघड उघड अख्खे आणि उघड उघड तुटलेले गर बाजूला काढावेत आणि शंकास्पद तेवढेच महिलांपुढे ठेवावेत. आमच्या गटाने हे काम हाती घेतले तेव्हा गराच्या बाह्यरेषेचे वर्णन नेमके कशात करायचे, हा पहिला प्रश्न होता. पुढचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून राहिले, म्हणून तोच भाग येथे सविस्तर मांडला आहे.

प्रतिमा घेण्याची व्यवस्था थोडक्यात सांगतो. दुधी अॅक्रिलिकच्या पट्टीखालून उजेड सोडला की वरच्या कॅमेऱ्याला गराची काळी छायाकृती मिळते. एका मिलिमीटरला १० पिक्सेल असे प्रमाण ठेवले. वीजदाब वरखाली झाला की उजेडही हलतो, त्यामुळे काळे-पांढरे वेगळे करण्याची मर्यादा कायमची न ठरवता ओत्सू यांच्या १९७९ च्या पद्धतीने प्रत्येक प्रतिमेसाठी नव्याने काढली. त्यानंतर सुझुकी आणि आबे यांची १९८५ ची सीमारेषा-अनुसरण पद्धत चालवली. प्रतिमांवर काम करणाऱ्या तयार संगणक-कृतींच्या ओपनसीव्ही या मुक्त संग्रहात ती मिळते. तिच्यातून प्रत्येक गरामागे सुमारे साडेसहाशे बिंदूंची एक बंद साखळी हाती येते. या साखळीला अर्थ कसा द्यायचा, ते पुढे.

सबंध आकाराचे वर्णन का चालले नाही

आकार ओळखण्याच्या जुन्या, नावाजलेल्या पद्धती सबंध आकाराकडे एकदम पाहतात. ह्यू यांनी १९६२ मध्ये मांडलेले सात अचल आघूर्ण (आकार कसा पसरला आहे ते सांगणारे आकडे) आणि झान व रॉस्कीझ यांनी १९७२ मध्ये मांडलेले फूरिये वर्णनांक (बाह्यरेषा लहान-मोठ्या लहरींत मोडून मिळणारे आकडे) ही त्यांची ठळक उदाहरणे. दोन्हींचे गणित भक्कम आहे आणि गर आडवा पडला काय, तिरपा पडला काय, उत्तर बदलत नाही. मात्र फूरिये वर्णनांकांतील प्रत्येक आकडा संपूर्ण बाह्यरेषेवरून काढलेला असतो. गराचे एक टोक उडाले की सगळेच आकडे थोडे थोडे सरकतात, आणि पाठीवर सुरीचा ओरखडा पडला तरीही तसेच थोडे थोडे सरकतात. नुकसान किती हे त्यातून कळते; कुठे झाले हे सहजी कळत नाही.

प्रतवारीच्या टेबलावर मात्र सगळे महत्त्व ‘कुठे’ला आहे. तेथील सर्वांत अनुभवी बाईंना आमच्यापैकी एकाने विचारले, “मावशी, हा गर आडव्या तुटक्यात का टाकला? जखम तर इवलीशी दिसते.” त्यांनी गर उलटा करून दाखवला. “टोक उडालंय त्याचं. एवढंच पोटाकडं खरवडलं असतं, तर अख्ख्यात गेला असता.” निर्यातीच्या प्रतवारीचे तत्त्वही याच वळणाचे आहे: साल काढताना पृष्ठभाग जरा खरवडला गेला तरी गराचा मूळ आकार शाबूत असेल तर तो अख्खाच धरतात. त्यामुळे बाह्यरेषेचे भाग पाडून प्रत्येक भागाबद्दल स्वतंत्रपणे बोलता येईल असेच वर्णन येथे हवे होते.

या विचाराची मुळे बरीच जुनी आहेत. मानसशास्त्रज्ञ फ्रेड अॅटनीव्ह यांनी १९५४ मध्ये दाखवले की बाह्यरेषेतील माहिती ती जेथे जोरात वळते तेथे एकवटलेली असते. झोपलेल्या मांजराच्या चित्रातले सर्वाधिक वक्रतेचे ३८ बिंदू त्यांनी निवडले आणि ते सरळ रेषांनी जोडले. मांजर लगेच ओळखू येते. या निष्कर्षाची दुसरी बाजू आमच्या कामाला अधिक उपयोगी पडली. बाह्यरेषेचा जो लांब पट्टा एकसारखा वळत जातो त्याबद्दल सांगण्यासारखे फार थोडे असते, आणि ते थोडे वर्तुळाच्या एका कंसात, म्हणजे एक लांबी आणि एक त्रिज्या एवढ्यात, मावते.

बहुभुजाकृतीची अडचण

बाह्यरेषा ज्या साध्या तुकड्यांतून रचायची, त्या मूलघटकांपैकी सर्वांत सोपा म्हणजे रेषाखंड. रामर यांनी १९७२ मध्ये आणि डग्लस व पॉयकर यांनी १९७३ मध्ये स्वतंत्रपणे दिलेली कृती सर्वपरिचित आहे: दोन टोके जोडणारी जीवा काढायची, तिच्यापासून सर्वांत दूरचा बिंदू शोधायचा, ते अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तेथे तुकडा पाडायचा, आणि दोन्ही तुकड्यांवर हेच पुन्हा करायचे. नकाशातल्या किनाररेषांसाठी ही कृती आजही उत्तम चालते.

काजूगरावर मात्र तिची एक मूलभूत अडचण उघडी पडते. मध्यम गराच्या पाठीची त्रिज्या सुमारे १२ मिलिमीटर असते. विचलनाची मर्यादा ०.२ मिलिमीटर ठेवली, तर अशा कंसावर बसणाऱ्या जीवेची लांबी ८ × १२ × ०.२ याचे वर्गमूळ, म्हणजे जेमतेम ४.४ मिलिमीटर येते. पाठीची लांबी ३५ मिलिमीटर धरली तर त्या एका सलग भागाला आठ रेषाखंड लागतात आणि लगतच्या दोन रेषाखंडांमध्ये सुमारे २१ अंशांचा कोन तयार होतो. हे कोपरे गरावर नसतात, वर्णनाने निर्माण केलेले असतात. तुटलेल्या कडेचा बोथट कोपराही याच मापाचा असू शकतो, आणि मग खरा कोपरा कोणता आणि रेषाखंडांच्या जोडणीतून आलेला कोणता हे ओळखायला काहीच आधार उरत नाही. मर्यादा घट्ट केली की कृत्रिम कोपरे वाढतात, सैल केली की खरे कोपरे गिळले जातात. मर्यादा किती ठेवावी यावर आमच्यात बरीच चर्चा झाली; तिचे मूळ मर्यादेत नव्हतेच, ते रेषाखंडाच्या निवडीत होते.

म्हणून रेषाखंडाच्या जोडीला वर्तुळकंस घेतला. रोझिन आणि वेस्ट यांनी १९८९ मध्ये कडांचे रेषा व कंस यांत विभाजन करण्याची जी पद्धत दिली तिचा मोठा गुण असा की तीत विचलनाची मर्यादा बाहेरून द्यावी लागत नाही. कमाल विचलन आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक टप्प्यावर ‘एक मोठा तुकडा बरा की दोन छोटे’ हे ठरवले जाते. वस्तूच्या पातळीवर अशा घटकांचा उपयोग पुढेही झाला. २०१० मध्ये रेषाखंड आणि लंबवर्तुळे यांच्या निवडक जोड्यांवरून प्रतिमेतील वस्तूंचे वर्ग ओळखण्याचे काम प्रसिद्ध झाले आहे. आम्ही लंबवर्तुळाकडे गेलो नाही. लंबवर्तुळाला पाच संख्या लागतात आणि थोड्याशा कमानीवर बसवताना त्या डळमळतात. वर्तुळकंसाला तीन पुरतात.

चार कंस

अख्ख्या गराची बाह्यरेषा चार कंसांत बसते: लांब बहिर्वक्र पाठ, दोन टोके आणि आतल्या बाजूचे अंतर्वक्र पोट. मध्यम गरासाठी पाठ ३५ मिलिमीटर लांब व १२ मिलिमीटर त्रिज्येची, टोके प्रत्येकी सुमारे ८.३ मिलिमीटर लांब व ४ मिलिमीटर त्रिज्येची, आणि पोट १२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर त्रिज्येचे, पण उलट्या वळणाचे, अशी मापे धरता येतात. लांबीला त्रिज्येने भागले की त्या कंसावर रेषा एकूण किती वळली ते मिळते. पाठीवर १६७ अंश, टोकांवर प्रत्येकी ११९ अंश, पोटावर उणे ४६ अंश, बेरीज ३५९. स्वतःला न छेदणाऱ्या कोणत्याही बंद वक्राची स्पर्शिका एका फेरीत बरोबर ३६० अंश फिरते, त्यामुळे ही बेरीज प्रत्येक गरासाठी आपोआप तपासणीचे साधन ठरते. ती ३६०च्या जवळ आली नाही, तर कुठेतरी कंस चुकीच्या जागी तोडला आहे किंवा एखादा कोपरा हिशेबातून सुटला आहे हे लगेच कळते. एवढी स्वस्त आणि खात्रीची पडताळणी सबंध आकाराच्या वर्णनांत मिळत नाही.

कंस बसवण्याच्या गणिताबद्दल एक सावधगिरी सांगणे भाग आहे. कोसा यांची १९७६ ची पद्धत सर्वांत सोपी आहे; तीत फक्त रेषीय समीकरणे सोडवावी लागतात. परंतु कंस तोकडा आणि बिंदू खडबडीत असले की ती त्रिज्या खऱ्यापेक्षा लहान काढते. टोकांचा कंस बराच वळलेला असल्याने तेथे फरक जाणवत नाही. पोटाचा कंस मात्र ४६ अंशांचाच आहे, आणि तेथे हा कल स्पष्ट दिसतो: पोट आहे त्याहून खोल भासते. टॉबिन यांच्या १९९१ च्या पद्धतीत हा दोष बराच कमी आहे आणि खर्च किरकोळ वाढतो, म्हणून सर्वत्र तीच वापरली.

तुकडे कुठे पाडायचे

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा येथे आहे. मूलघटकांविषयी वाचताना बहुतेक भर कोणता वक्र घ्यावा यावर असतो: कंस की लंबवर्तुळ की बेझिए वक्र. प्रत्यक्षात वक्राची निवड दुय्यम ठरते. तुकडे योग्य जागी पडले तर साधा कंसही पुरेसे सांगतो, आणि चुकीच्या जागी पडले तर कितीही लवचीक वक्र बसवला तरी त्याच्या आकड्यांना गराच्या दृष्टीने अर्थ राहत नाही.

तुकडे पाडण्याचे तात्त्विक उत्तर हॉफमन आणि रिचर्ड्स यांनी १९८४ मध्ये दिले. बहिर्वक्र भागाची वक्रता धन आणि अंतर्वक्र भागाची ऋण धरली, तर माणसाची नजर आकाराचे भाग ऋण वक्रतेच्या लघुतम बिंदूंवर पाडते, असे त्यांचे म्हणणे. त्यावरूनच पुढे ‘कोडॉन’ हा मूलघटक आला: वक्रतेच्या एका लघुतम बिंदूपासून पुढच्या लघुतम बिंदूपर्यंतचा तुकडा, आणि त्यात वक्रता शून्य कितीदा व कुठे होते यावरून त्याचा प्रकार. या भाषेत लंबवर्तुळ म्हणजे शून्यबिंदू नसलेले दोन कोडॉन. काजूगरही दोन कोडॉनचाच, पण त्या प्रत्येकात एकेक शून्यबिंदू असतो, एकात टोकाच्या आधी आणि दुसऱ्यात नंतर. त्रिज्या आणि लांबी बाजूला ठेवली तरी गर म्हणजे काय हे एवढ्यावरून सांगता येते, आणि लहान-मोठ्या, जाड-बारीक सर्व अख्ख्या गरांना ते लागू पडते.

पण वक्रता हा दुसऱ्या क्रमाच्या विकलकावर आधारलेला, म्हणजे रेषेची दिशा किती झपाट्याने बदलते ते मोजणारा आकडा आहे, आणि पिक्सेलची साखळी पायऱ्यापायऱ्यांची असते. थेट काढलेली वक्रता प्रत्येक पायरीवर उसळते. म्हणून साखळी आधी गाउसियन सरासरीने (जवळच्या बिंदूंना जास्त आणि दूरच्यांना कमी महत्त्व देणाऱ्या सरासरीने) गुळगुळीत करावी लागते आणि ती किती करायची हा प्रश्न उभा राहतो. थोडी केली तर पायऱ्या उरतात. जास्त केली तर तुटलेल्या कडेचे दोन कोपरे एकमेकांत मिसळतात आणि तुटका गर गोल टोकाचा, म्हणजे अख्खा दिसू लागतो. कारखान्याच्या दृष्टीने हीच चूक सर्वांत महाग.

असादा आणि ब्रेडी यांच्या १९८६ च्या कामात यावर अतिशय सुंदर तोडगा आहे. गुळगुळीतपणाचे एकच प्रमाण योग्य म्हणून निवडण्याऐवजी, प्रमाण बदलले की वक्रतेचा प्रत्येक उंचवटा कसा वागतो ते पाहायचे. खऱ्या कोपऱ्याला स्वतःची त्रिज्या नसते. त्याच्यावर दिसणारी गोलाई आपण केलेल्या सरासरीतून आलेली असते. त्यामुळे सरासरीची रुंदी दुप्पट केली की तेथील कमाल वक्रता साधारण निम्मी होते. उलट ज्या टोकाला ४ मिलिमीटरची खरी त्रिज्या आहे, त्याची वक्रता मिलिमीटरमागे ०.२५ असते आणि ती तशीच राहते. गुळगुळीत करताना वर्तुळ किंचित आकसते, पण ०.८ मिलिमीटर रुंदीच्या सरासरीने ४ मिलिमीटर त्रिज्येत पडणारा फरक सुमारे २ टक्केच असतो.

यावरून चाचणी तयार झाली. प्रत्येक साखळीची वक्रता दोन प्रमाणांवर, ०.४ आणि ०.८ मिलिमीटरवर, काढायची. जो उंचवटा निम्मा होतो तो कोपरा, जो टिकतो ते टोक. कोपरे आधी नक्की करायचे, मग वक्रतेचे चिन्ह बदलते त्या जागा घ्यायच्या, आणि सर्वांत शेवटी पाठ व टोक यांच्यामधला सांधा ठरवायचा. हा सांधा मुळातच अस्पष्ट असतो. तेथे रेषेची दिशा अखंड राहते, वक्रता तेवढी १२ मिलिमीटर त्रिज्येकडून ४ मिलिमीटरकडे चढते. म्हणून तो एका मोजमापावर न ठरवता पुढेमागे सरकवून, दोन्ही बाजूंच्या कंसांपासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज जेथे सर्वांत कमी होते तेथे ठेवला.

एक तुटका गर जवळून पाहू. त्याचे डावे टोक आडवे तुटलेले आहे. बाह्यरेषा पाठीवरून येते, एका कोपऱ्यावर झटकन वळते, जवळजवळ सरळ जाते, दुसऱ्या कोपऱ्यावर पुन्हा वळते आणि पोटात शिरते. चार कंसांऐवजी येथे तीन कंस, दोन कोपरे आणि एक रेषाखंड मिळतात. टोकाकडचे वळण दोन कोपऱ्यांत एकवटलेले असते आणि त्यांच्यामधल्या रेषाखंडाचे वळण शून्याच्या आसपास राहते. पाठीवरचा सुरीचा ओरखडा याहून अगदी वेगळा दिसतो. तेथेही कोपरे असतात, पण ते उलटसुलट वळून एकमेकांना जवळपास रद्द करतात आणि दोन्ही बाजूंचा कंस एकाच त्रिज्येने पुढे चालू राहतो. मावशींनी बोट ठेवून दाखवलेला फरक अशा रीतीने कोपऱ्यांच्या बेरजेत उतरला, आणि यंत्राने गर नाकारला की ‘डाव्या टोकाला सरळ तूट’ असे कारण पडद्यावर लिहिता येऊ लागले. प्रतवारी करणाऱ्या महिलांना ते कारण गर हातात घेऊन पडताळता येते. न्यूरल नेटवर्क शिकवूनही बरीच विभागणी साधली असती, हे मान्य आहे. पण त्यासाठी हंगामागणिक हजारो गरांवर खुणा कराव्या लागल्या असत्या, आणि चूक झाली की ती कशामुळे झाली हे टेबलावर बसलेल्या कोणालाही सांगता आले नसते.

पाकळी

उभ्या फाकलेल्या पाकळीपुढे हे सगळे वर्णन थांबते. गराची दोन दले वेगळी झाली की प्रत्येक पाकळी सपाट बाजूवर निजते आणि वरून तिची बाह्यरेषा अख्ख्या गरासारखीच दिसते: तेच चार कंस, तेच दोन कोडॉन, तीच ३६० अंशांची बेरीज. वरच्या छायाकृतीत जी माहिती नाहीच ती कोणत्याही मूलघटकाने येणार नाही. म्हणून पट्टीच्या उंचीवर दुसरा कॅमेरा आणि त्याच्यासमोर उजळ पडदा लावला. या बाजूच्या दृश्यात अख्खा गर सर्वत्र वळणारी बंद रेषा दाखवतो, आणि पाकळी एक कंस, एक रेषाखंड व दोन कोपरे दाखवते. तीच दोन प्रमाणांची चाचणी येथे काहीही न बदलता लागू पडली.

चिकटलेले गर आणि आकारमान

दोन गर एकमेकांना टेकले की एकच छायाकृती बनते. हॉफमन आणि रिचर्ड्स यांच्या मांडणीचा पायाच असा आहे की दोन वस्तू एकमेकींत शिरल्या की त्यांच्या सांध्यावर साधारणपणे अंतर्वक्र घडी पडते. गराचे स्वतःचे पोटही अंतर्वक्र असल्याने केवळ ऋण वक्रता पाहून भागत नाही, पण पोट १५ मिलिमीटर त्रिज्येचे आहे आणि सांधा तीक्ष्ण आहे. त्यामुळे प्रमाण दुप्पट केल्यावर निम्मे होणारे दोन ऋण उंचवटे समोरासमोर सापडले की तेथे छेद द्यायचा, हा नियम बहुतेक ठिकाणी चालला. एका गराचे टोक दुसऱ्याच्या पोटात बरोबर बसले तर मात्र सांधा इतका लांब होतो की छेदाची रेषा ठरवता येत नाही. यावर आणखी गणित रचण्यापेक्षा पट्टीच्या आधी थरथरती पन्हळी बसवून गर सुटे करणे योग्य, असे आमचे मत झाले आणि तसेच केले.

डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० ही प्रत लावण्याचे काम या यंत्राकडे दिले नाही. प्रत वजनावर ठरते, आणि आकार तोच धरला तर लांबी वजनाच्या घनमुळाप्रमाणे बदलते. डब्ल्यू-१८० आणि डब्ल्यू-४५० यांच्या वजनात अडीच पट फरक असला तरी लांबीत तो एकतृतीयांशाच्या थोडाच वर जातो. डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० यांच्या लांबीत सुमारे १० टक्के, तर डब्ल्यू-२१० आणि डब्ल्यू-२४० यांच्यात जेमतेम साडेचार टक्के. कॅमेऱ्याला एवढा फरक मोजता येतो, पण एकाच लांबीचे दोन गर जाडीत याहून अधिक वेगळे असू शकतात. म्हणून अख्खा ठरलेला गर पूर्वीप्रमाणेच चाळणीवर जातो. ज्या गराच्या कंसांच्या आणि कोपऱ्यांच्या वळणांची बेरीज ३६० अंशांशी जुळत नाही, किंवा ज्याचा एखादा उंचवटा निम्माही होत नाही आणि टिकतही नाही, तो वेगळ्या ताटात पडतो आणि त्याचा निवाडा टेबलावर हातानेच होतो.